लाकूड सोडून वजन

पूल झाल्यापासून भंगारवाले
आखाड्यात थेट दारापर्यंत येतात.
दस्तगीर टेंपो उभा करतो नळापाशी,
पोफळींच्या सावलीत,
आणि आधीच सांगून टाकतो:
लाकूड घेणार नाही, ताई. लाकूड सोडून वजन.

म्हणजे आता पटाशीची मूठ वेगळी, पातं वेगळं.
रंध्याच्या पोटातली पाचर ठोकून काढायची,
पातं त्याच्या काट्यावर
आणि सागवानी ठोकळा माझ्या पायाशी,
कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखा.

बाबा असते तर म्हणाले असते...
बाबा काही म्हणाले नसते.
पुंडलीक च्यारी बोलायचे ते खतावणीनं,
फळीवर एक बारीक रेघ.
तिच्याबाहेर गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

वास्कोहून भावाचा फोन.
गोदीत आहे, मागे काहीतरी मोठं कापलं जातंय.
"फोटो पाठवत बसू नकोस. टाक सगळं.
घराला वाळवी लागेल."
खरं आहे ते.
सामत्याच्या धनुकलीला लागलीच आहे,
दोरी तेवढी शाबूत, नायलॉनची,
जायच्या आदल्या वर्षी त्यांनी बदललेली.

करवत दिली. वाकस दिला.
तीन कानशी, घासून गुळगुळीत झालेल्या, दिल्या.
शिकंजा देताना हात अडला,
मग आठवलं, त्याचा स्क्रू फिरतच नाही.
दिला.

राहिलं ते एक.
वीतभर लोखंड, टोकाला बोथट,
त्या बोथट टोकाला एक पन्हळ,
मूठ कसल्याशा काळ्या लाकडाची.
धार नाही. कधी असेल असं वाटतही नाही.
कुंपणावरून कायतान म्हणतो,
होडीच्या फटीत कापूस ठासायचं असणार,
माझ्या पाप्पाकडे होतं असलं.
मग हातात घेऊन बघतो.
न्हय गो, असलं न्हय.
दस्तगीर म्हणतो, पाव किलोसुद्धा भरणार नाही,
द्या नाहीतर ठेवा.

मूठ निघत नाही.
तो दगड उचलतो. "घट्ट धरा."
आणि मी धरते, जशी विळी आवरते,
जसा खडू धरायचे
शेणवी मास्तरांची पट्टी बसेपर्यंत,
डाव्या हातात.

पन्हळ वर, आणि अंगठा
एका खळग्यात जाऊन बसतो.
झिजून झालेला खळगा.
उजव्या हातात घेऊन बघते: तिथे अंगठा पोचत नाही.
पुन्हा डाव्या.

बाबा उजवे. काका उजवे.
आपल्या घराण्यात असलं कुणी झालं नाही,
हे मी घासाघासाला ऐकत वाढले.

"थांब," म्हणते मी,
आणि दस्तगीर दगड हवेत धरून थांबतो,
जरा वैतागून,
कारण नळावर बायका जमायला लागल्यात
आणि टेंपो त्यांच्या वाटेत आहे.

अकरा किलो सातशे.
तो अकराचे देतो, सातशे म्हणे गंज.
मी घासाघीस करत नाही.
मुठी नि ठोकळे न्हाणीतल्या भाणाखाली जातील,
चार दिवस पुरेल पाणी तापवायला.
रंध्याचा वास येईल धुराला. येऊ दे.

ते कशाचं, अजून कळलेलं नाही.
रात्री नारळ फोडला,
खोबरं करवंटी सोडेना.
पन्हळ आत सारली, जरा कलती केली,
अख्खी वाटी निघून आली तळहातावर.
ह्यासाठी नसणार ते.
पण निघाली.