प्रयोग क्रमांक सात

शिरोड्याच्या हायस्कुलात एकवीस वर्षं
मी परीक्षानळ्या धुतोय.
रसायन मला वासावरून कळतं, सूत्रांवरून नाही.

आज मोरचूद करायचंय.
आरोंदेकर बाई सांगतात, आम्ल कोमट करा, उकळू नका.
काळी पूड चमच्याच्या टोकाने टाका,
विरघळेनाशी झाली की थांबा.
निम्मी पोरं खिडकीबाहेर.
तिकडे मिठागराच्या कोंड्या
मार्चच्या उन्हात पांढऱ्या पडत चाललेल्या.

मग नरसाळं, चार घड्यांचा कागद,
काळं वर अडकतं, निळं खाली उतरतं.
"वरचं टाका, खालचं जपा.
निम्मं आटवा, दिवा विझवा, वाट बघा.
पुरतं आटवायचं नाही."

हे मी बाईंच्या आधी बाबांकडून ऐकलेलं,
घोटाभर खाऱ्यात, फळी ओढताना :
"सगळा आटय नको रे, मीठ कडू जातला."
शेवटचं पाणी ते खाडीला परत देत.
त्यात कडू काय असतं, मॅग्नेशिअम की काय,
ते बाईंनी सांगितलं मला. बाबा गेल्यावर.

दुसऱ्या तासाला उलटं.
दोन द्रावणं, दोन्ही पाण्यासारखी,
एकात एक ओतली की हळदीसारखा साका,
आणि अख्खा वर्ग "आईशप्पत!"
दरवर्षी त्याच सुरात.
"आता खालचं टाका, वरचं जपा. धुवा, सुकवा."
टाका म्हणजे कुठे, ते माझं काम.
शिसं आहे. भिंतीपलीकडे बावडी आहे.
मी बरणीत भरून ठेवतो. बरणीवर कवटी काढलीय,
जराशी हसरी आलीय.

रेवती गवंडेचं मात्र सकाळीच बिनसलेलं.
दिवा विझवायचा राहिला,
बशीत निळ्याची झाली पांढरी पूड.
"फुकट गेलं," म्हणाली.
बापाला नेणार होती म्हणे, सुपारीवर फवारायला.
एवढंसं!

बशी निवू दिली. ड्रॉपर तिच्या हातात दिला.
एक थेंब.
निळं उमटलं.
कशासारखं ते मला सांगता येत नाही,
मी नळ्या धुतो.

"जर्नलात काय लिहू, काका?"
झालं ते लिही म्हटलं.
बशीत अजून थोडं पाणी घालून
खिडकीत ठेवली, बाकीच्यांच्या मागे.

सोमवारी सगळ्या बशांत खडे धरलेले.
तिचा एकच, वाकडा, कडेला चिकटलेला.
साडेपाचला बादली भरली,
सगळ्या बशा घासल्या,
ती एक तशीच राहू दिली.