निवडटिपण

तार्तू शहरात, नदीपलीकडच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
उर्वे पिहलाक राहते.
सव्वीस वर्षं तिनं औषधांच्या डब्यांतले
घडी घातलेले कागद तपासले.
मळमळ, चक्कर, क्वचित मृत्यू.
एक स्वल्पविराम चुकला तर माणूस जायचा,
म्हणून डोळ्यांत तेल घालून.

मग हळूहळू घरचं वाचनही तसंच झालं.
कादंबरी उघडायची
आणि तांदूळ निवडावेत तसं ओळींवरून बोट फिरवायचं.
खडा सापडला की समाधान.
भात कधी रांधलाच नाही.
एका मार्चमध्ये तिनं तीन खोकी वाचनालयाला देऊन टाकली
आणि फडताळात काकड्यांच्या बरण्या लावल्या.

निवृत्तीनंतरचा पहिला नोव्हेंबर.
साडेतीनलाच अंधार.
बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या रेनोनं
हात पुसत तिच्या फोनवर एक गोष्ट उघडून दिली.
“दर गुरुवारी एक प्रकरण येतं. फुकट.
कोण लिहितं ठाऊक नाही,
बहुधा रात्रपाळीची कुणी नर्स.”

प्रकाशक नाही. मुखपृष्ठ नाही.
पाठीवर कुणा थोराची शाबासकी नाही.
एका बेटावर वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस उतरतो
आणि त्याच्या लक्षात येतं, इथल्या एका दुकानात
प्रत्येक वस्तू जराशी हलकी भरते:
साखर, खिळे, ओले मासे,
शेवटी तो स्वतः.

उर्वेनं चष्मा लावला.
जुन्या सवयीनं लाल पेन्सिलही घेतली,
फोनची काच बघून परत ठेवली.
दुसऱ्याच ओळीत एका स्वरावरचे ठिपके गळलेले.
चौथीत तेच क्रियापद दोनदा.
सातवीनंतर
मोजायचं राहून गेलं.

चहा गार झाला. बॉयलर पुन्हा बंद.
तो माणूस काट्यावर उभा,
दुकानदारीण म्हणते, “थांबा, श्वास सोडू नका,”
आणि तिथेच प्रकरण संपलं.
“चोट्टी!” उर्वे मोठ्यानं म्हणाली,
रिकाम्या खोलीत,
किती वर्षांनी कुणावर इतक्या मायेनं चिडून.

आता बुधवारी ती उगाच खिडक्या पुसते.
गुरुवारी लवकर जेवते.

एका गुरुवारी नुसत्याच दोन ओळी आल्या:
पोराला ताप आहे,
पुढच्या आठवड्यात भेटू.
उर्वेला रात्रभर त्या तापाची काळजी.
औषधाचा कागद तर तिला पाठच होता,
जेवणानंतर, सहा तासांच्या अंतरानं,
पण तो कुणाला म्हणून दाखवणार.

पुढचं प्रकरण घाईत लिहिलेलं.
मध्येच एका जागी
दुकानदारणीचं नावच बदललं.
खडा लागला दाताखाली, करकन.

तिनं तो जिभेनं बाजूला सारला
आणि जेवत राहिली.