साडेपंधरा हात

मुंजाजीचा फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या दुकानात
एका मिक्सरचं आर्मेचर उघडून बसलो होतो.
"मशीन खोटं बोलाया लागलंय," तो म्हणाला.
मासे दाखवायची मशीन. सोसायटीनं घेतलेली,
सेकंडहँड, पडद्याला आडवा चरा.

यलदरीच्या पाण्यात होडी.
बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट बुरशी, ती घासली.
पडदा उजळला. एकोणीस फूट.
मागचा सेन्सर काढून पालथा केला:
शेवाळ, आणि एम-सीलमध्ये अडकलेला
मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा.
"सापडलं," मी म्हणालो. "मधी हवा असली की आवाज खाली जात न्हाई."
खरवडलं, नव्यानं बसवलं,
मुंजाजीच्या चार विड्या होईस्तोवर वाळू दिलं.
एकोणीस फूट.

चांदूनाना नाळेवर बसून बघत होता.
मांडीशी किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप,
कडीला नायलॉनची दोरी, हाताहातावर गाठ.
"माझी दोरी साडेपंधरा हात म्हणती."
म्हणजे तेवीस फूट, मी मनात गुणलं.
"दोरी तिरकी जात असंल नाना, वाहत्या पाण्यात."
"धरणात पाणी कामून वाहील?"
मुंजाजी हसला. मी मेनू उघडला.

एकक तपासलं: मीटर नाही, फूटच.
सेन्सिटिव्हिटी साठवरून ऐंशी केली तर
पडदाभर मासे.
त्यातले निम्मे शेवाळाचे,
आणि एक लांबडा चट्टा नानाच्या मापाचा,
खाली, खाली,
एकोणिसाच्या रेघेतून आरपार.

तेव्हा माझा हात थांबला.
माप जमिनीतून कसं जाईल?

शेवटी फ्रिक्वेन्सी. दोनशेवरून त्र्याऐंशीवर आणली.
बारीक आवाजाच्या जागी घोगरा,
चिखलाला न घाबरणारा.
जाड रेघेखाली हळूहळू
दुसरी रेघ उमटली, फिकट,
पाटीवरचं अर्धवट पुसलेलं अक्षर असावं तशी.
तेवीस.

नानानं पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
माप उचलून आपटलं, तीनदा, खांद्यातून हिसका देत,
मग ओढलं गाठीमागून गाठ.
वर आलं ते काळ्या गाळानं माखलेलं, घाण वासाचं.
त्यानं ते उलटं केलं.
बुडाच्या खळग्यात, जिथं सरकारी छाप मारलेलं शिसं असतं,
चिमूटभर माती घट्ट बसलेली.
अंगठ्याच्या नखानं उकरली.
पांढरी.

"ही आपल्या सावळीची पांढर," तो म्हणाला.

मी तालुक्याचा. पांढर हा मला नुसता रंग.
मुंजाजीनं सांगितलं: शेत ती काळी,
गाव वसतं ती पांढर.
"आन् वरची काळी कोणाची?"
"वरल्या अंगाच्या लोकांची. बुलढाण्याकडली असंल.
दर पावसाला थोडी थोडी येऊन बसली."

म्हणजे मशीन खरं. दोरीही खरी.
बिघाड कुठंच नाही, आणि मी दुपारपासून
स्क्रू ढिले करतोय, आवळतोय.

मशीनला एक सोय असते, ऑफसेट.
"चार फूट वाढवून देऊ? मंग ते थेट गावापासून मोजंल."
मी विचारलं नानाला.
तो तळहातावर माती वाळवत होता, बोलला नाही.
मुंजाजी बोलला: "नको.
इंजिनाचा पंखा अडकणार तो काळीत.
पांढरीपस्तोर कोण जातंय आता."
मी शून्यच ठेवलं.

दोन कटले दिले पिशवीत, ओल्या पोत्यात गुंडाळून.
सोसायटीला पावती पाहिजे म्हणून
काठावर गुडघ्यावर वही ठेवून लिहिली:
तक्रार – खोली चुकीची दाखवते.
दोष –
इथं बराच वेळ पेन तसाच धरला.
होडीत नाना अजून बसलेला,
माप न धुता शेजारी ठेवलेलं.
मग लिहिलं: टर्मिनल साफ केलं.
रुपये दोनशे.