तिसरा मजला, डावीकडे

घर पाहावं बांधून, म्हणतात.
भरून पाहावं, असं कुणी सांगत नाही.

कौन्सिलच्या माणसानं सही घेतली, दोन किल्ल्या दिल्या.
आत नुसत्या फळ्या.
आधीच्या भाडेकरूचा गालिचाही उपटून नेलेला,
कडेकडेचे खिळे तेवढे ठेवलेले, टोकं वर करून.
स्वयंपाकघरात शेगडीच्या जागी
भिंतीचा एक स्वच्छ चौकोन
आणि बूच मारलेली गॅसची नळी.

अकरा दिवस हातात होते
आणि चारशे तीस पौंड,
माझ्या खालच्या दातांसाठी साठवलेले.
दात थांबतील, म्हटलं.
इतकी वर्षं थांबलेच आहेत.

पलंग साठ, धर्मादाय दुकानातला, एक पाय किंचित आखूड.
गादी मात्र कोरी घेतली, एकशे दहा.
नऊ वर्षं लॅकी दुसऱ्यांनी झोपून सोडलेल्या गादीवर झोपला होता.
शेगडी पंचेचाळीस. तिचा एक बर्नर
चापट खाल्ल्याशिवाय पेटत नाही.
बॅरासच्या बाजारात टेबलाचे तीस सांगितले;
मी दोनदा निघून गेले, दोनदा परत आले,
अठरावर आला.
खुर्च्या चार, चार घरच्या,
शेजारी शेजारी ठेवल्या की लग्नातल्या सोयऱ्यांसारख्या
एकमेकींकडे बघत नाहीत.
पडदे फुकट. मी ज्या हॉटेलात खोल्या आवरते
तिथले जुने काढले होते.
कुणी टाकायच्या आत मी घडी घातली.

डेक्लननं व्हॅनचे पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचे वीस घेतले.
कपाट जिन्याच्या वळणावर अडलं ते अडलंच.
मिसेस कॉनवे सपाता घालून बाहेर आल्या.
"कोण येतंय?"
"माझा भाऊ."
"कुठून?"
"उत्तरेकडून," म्हटलं.
खोटं नव्हतं. तुरुंग उत्तरेलाच आहे.
त्यांनी कपाटाला खांदा लावला. हललं.

शेवटी सात पौंड चाळीस उरले.
त्यांचे चमचे घेतले. सहा.
माणूस एक, येणारी मी एक,
पण दोन चमचे मागायला
जीभ वळेना दुकानात.

मंगळवारी लॅकी आला.
प्रत्येक दारापाशी थांबला,
मी उघडेपर्यंत.
"छान आहे, इश्बेल," म्हणाला,
पाहुणे म्हणतात तसं.

शुक्रवारी गेले तर बाहेरची खोली रिकामी.
धस्स झालं. विकलं! सगळं फुंकून टाकलं यानं!
मग आत पाहिलं:
सगळ्यात लहान खोलीत, भिंतीला चिकटून पलंग,
पायथ्याशी टेबल, एक खुर्ची, किटली,
सगळं हात लांबवला की लागेल असं.
उरलेल्या तीन खुर्च्या
कपाटाआड एकीवर एक, तोंडं भिंतीकडे.
"चमचे सहा आहेत," तो म्हणाला. "मोजले. बरोबर आहेत."

चार खोल्या मी भरल्या होत्या,
त्याला एक कोपरा पुरत होता.
बोलायला तोंड उघडलं.
अडवायला खालचे दात नव्हते,
तरी शब्द अडले.

दर शुक्रवारी जाते. विचारत नाही.
पाव नेते, कधी कांदे, कधी नुसतीच जाते.
ऑक्टोबरात खुर्ची दारापर्यंत आली होती.
नोव्हेंबरात टेबल उंबरठ्यातच आडवं,
आत जायला अंग चोरावं लागलं,
आणि तो म्हणाला, "राहू दे, जाईल ते हळूहळू,"
जणू टेबलच आजारातून उठलंय.

काल त्यानं मला चहा दिला, स्वयंपाकघरात,
बर्नरला चापट मारून.
मी खण उघडला.
चमचे पाच.
माझा हात तिथेच राहिला.

"मिसेस कॉनवेंनी खीर आणली होती,"
तो पाव कापता कापता म्हणाला,
"वाटी नेताना चमचाही गेला असेल एखादा."

त्यानं मोजलेच नव्हते.