बारा आकडे

खरसुंडीच्या अलीकडे, फाट्यावर,
डेअरीच्या पत्र्याखाली मी बसतो.
पहाटे साडेपाच ते आठ, संध्याकाळी पुन्हा तेवढंच.
माप, फॅट, पावती.
आधी एवढंच काम होतं.

मग अनुदान आलं.
म्हणजे येणार अशी बातमी आली.
लिटरमागं पाच रुपये,
आणि त्याच आठवड्यात प्लॅन्टवाल्यानं दर तीननं उतरवला.
राहिले दोन.
ते दोन गाईच्या कानात अडकले.

कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे,
ते आधारला जुळायचे, आधार खात्याला,
खातं नावाला, नाव सातबाऱ्यावरच्या नावाला.
गाय कुणाला जुळत नाही.
ती रवंथ करते, शेपटीनं माशा हाकते.

सोनाक्का पुकळेची गाय
बाभळीच्या कुंपणाला कान घासायची.
दिवाळीच्या सुमाराला बिल्ला निघाला
तो कानाची पाकळी घेऊनच.
सोनाक्कानं हळद दाबली,
काट्यातनं शोधून बिल्ल्याचा तुकडा आणला, सात आकड्यांचा.
"ह्येवढ्यावर भागंल का रं?"

भागलं नाही.
दवाखान्यातला माणूस दुसऱ्या कानात नवा बिल्ला मारून गेला.
मी नवे बारा आकडे भरले,
तर मोबाईलच्या पडद्यावर सोनाक्काच्या दावणीला
दोन गाई उभ्या.
एक दूध देते, तिचा बिल्ला नाही.
एकीला बिल्ला आहे, ती कधी व्यालेलीच नाही.

तालुक्याहून फोन.
जुनी कुठंय?
साहेब, हीच ती.
मग नवी कुठनं आणली?
नवी न्हाई साहेब, हीच.
तिकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही,
पंख्याचा आवाज येत होता.
मग म्हणाले, एकीला यादीतनं काढा.

रांगेत सर्जेराव देवकाते किटली आपटून म्हणाला,
माझं आठ हजार तूच गिळलंस.
त्याच्या चौदा गाई, चौदा गुणिले बारा आकडे,
कुठंतरी मी सहाचा नऊ केला असेल.
केला असेल. त्या आठवड्यात लाईट नव्हती,
मी हायवेच्या टॉवरखाली बसून भरत होतो
आणि बोटं गारठली होती.
हे त्याला सांगितलं नाही.

सोनाक्काचे तसे फार नाहीत.
रोज नऊ लिटर, एकसष्ट दिवस,
दोन हजार सातशे पंचेचाळीस.
पेंडीची दीड पोती.

संध्याकाळी ती रिकामी किटली घेऊन थांबली.
मी मोबाईल तिच्यापुढं धरला. काढायचं कारण निवडा.
खाली तीनच पर्याय:
मेली. विकली. हरवली.

मी म्हटलं, आक्का, मेली लिहितो, लवकर मिटंल.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी तिच्या सुनेबद्दल काही बोललो.
"गाभण हाय ती. तोंडातनं काय काढतोस?"

मग विकली?
"बाजारातनं दोनदा माघारी आणलीया.
इकली म्हन्लं तर तिला कळंल."

मागं ट्रकला हॉर्न वाजत होता, कॅन भरायचे राहिले होते.
ती पदरानं किटलीचा काठ पुसत राहिली, तो कोरडा होता तरी.
"हरावली लिव," म्हणाली शेवटी.
"हरावलेलं जनावार घर वळकतं."

मी हरवलीवर बोट ठेवलं.
पडदा फिरत राहिला, फिरत राहिला,
आणि सांगितलं, नंतर प्रयत्न करा.

हे माघातलं. आता चैत्र चाललाय.
सर्जेरावला सहाशे आले, कशाचे ते त्यालाही माहीत नाही.
तो आता दुसऱ्या डेअरीला घालतो.
सोनाक्काचं अजून काही नाही.

काल रात्री तिच्या वस्तीवरनं गाडी काढली
तर गोठ्यात ती उभी होती, पोट खाली उतरलेलं,
आवाज ऐकून तिनं माझ्याकडं वळवला
तो फाटका कान आधी.