सात प्रश्न

रूवीत, सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत,
आमच्या खोलीत चार खाटा आणि एकच टेबल.
टेबलावर इस्त्री, तांदळाचा डबा, माझं पुस्तक.
दोनशे सहा हाडं, असं पुस्तक सांगतं.
मी स्वतःच्या अंगावरच मोजायला बसते;
सव्वीस तर एकट्या कण्यातच निघतात,
तोवर रेजिना कूस बदलून विचारते,
बिल्किस, दिवा कधी घालवतेस?

दिवसा मी अल खुवैरच्या बायकांच्या जिममध्ये
टॉवेलांच्या घड्या घालते, मशिनींवरचा घाम पुसते.
कुणाचा घाम कुठे किती सांडतो
हे मला कोर्सच्या आधीपासून ठाऊक होतं.
आता त्या घामाची नावं शिकतेय,
दोनशे दहा रियाल, सहा हप्त्यांत.

ट्रपेझियस. सोलियस. ग्लुटियस.
बाणकोटच्या धक्क्याला लागलेली परकी गलबतं जशी.
तोंडात बसत नाहीत, म्हणून मी त्यांना कामाला लावते:
ट्रपेझियस म्हणजे पोतं उचलताना मानेशी ओढतो तो.
सोलियस म्हणजे जिना, लिफ्ट बंद पडते तेव्हाचा, पाच मजल्यांचा.
ग्लुटियसपाशी शिकवणाऱ्या मॅडमनीही हसून पान उलटलं.

नियम मात्र लगेच कळले.
भार हळूहळू वाढवायचा, एकदम नाही:
हे आमच्या अरबाबला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
सोडलं की जातं. आधी दम जातो, मग ताकद.
(दोन वर्षं झाली. मुलगा आता फोनवर
मला "तुम्ही" म्हणतो.)
आणि स्नायू वाढतो तो वजन उचलताना नाही,
नंतर, झोपेत.
हे मी रेजिनाला मोठ्याने वाचून दाखवलं.
ती म्हणाली, मग आपला कधी वाढायचा गं,
शुक्रवारची पण ड्युटी लावलीय.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री म्हटलं,
रेजिना, तू माझी गिऱ्हाईक हो.
हॉटेलच्या लाँड्रीतून नुकती आलेली, हातांना क्लोरीनचा वास,
बसली खुर्चीत पायावर पाय टाकून, विला असल्यासारखी.
व्यायामाआधी सात प्रश्न विचारायचेच असतात.
हो किंवा नाही. मधलं काही चालत नाही.

डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलंय?
डॉक्टर कुठला? नाही.
व्यायाम करताना छातीत दुखतं?
ओल्या चादरी ओढणं व्यायामात धरायचं का?
पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी पेन्सिलीने "नाही" लिहिलं.
नुसतं बसलेलं असताना?
बसलेलं असताना, म्हणे! आणि हसत सुटली.
चक्कर येऊन तोल जातो?

इथे ती गप्प झाली.
वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.
"गरम प्रेसपाशी. दुपारी तीनच्या सुमाराला.
दोनदा झालं. एकदा सईदाने धरलं.
बोलू नकोस कुठे, व्हिसाचं मेडिकल जवळ आलंय."

एक जरी "हो" आलं तर पुढे जायचं नाही,
आधी डॉक्टरकडे पाठवायचं.
यावर पाच गुणांचा प्रश्न येतो.
किती रियाल, कुणाच्या परवानगीने, कुठली सुट्टी,
यावर येत नाही.

मी तिचं मनगट धरलं, दोन बोटांनी.
अंगठा लावायचा नसतो; अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
आपलीच धडधड समोरच्याची वाटते.
पंधरा सेकंद. एकोणतीस.
पुन्हा. तीस.
चारने गुणायचं मी टाळलं.

सातवा प्रश्न राहिलाच:
व्यायाम करू नये असं आणखी काही कारण?
तो उद्या विचार, ती म्हणाली, आता भूक लागलीय.

सकाळी आठला दारसैतच्या दवाखान्यात नंबर लावला,
शेवटच्या हप्त्यातले पंधरा रियाल मोडून.
परीक्षा दहाला.
काउंटरवरच्या मुलीने दिलेला फॉर्म
रेजिनाने माझ्याकडे सरकवला: तूच भर, तुला पाठ आहे.
"चक्कर" या शब्दासमोर मी "हो" लिहिलं, पेनाने,
आणि बसची वेळ बघितली.