तक्त्याच्या खाली

वोर्म्सी बेटावरून रोज सकाळी सातला
हेल्दुरची मेल यायची. कोरी.
ना नमस्कार, ना सही,
नुसता समुद्राच्या पातळीचा तक्ता
आणि त्याखाली एक चिमुकली फाइल,
नाव म्हणजे एटीटी, पुढे शून्यंच शून्यं, शेवटी एक.

तक्ता मी उतरवून घ्यायचे.
चिमुकली तशीच राहायची पेपरक्लिपला लोंबकळत.
तार्तूच्या ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं,
असलं काहीबाही सर्व्हर चिकटवतो,
बटाट्याला लागून येणाऱ्या मातीसारखं.

तीन वर्षं मी म्हणत होते,
मितभाषी माणूस.
आमच्याकडे ही तक्रार नसते.

मग मार्चमध्ये वेबमेल बदललं.
नव्या खिडकीला साध्या मजकुराची भीड नव्हती.
तिनं न विचारताच फाइल उघडली
आणि मेलच्या पोटात पसरली:
"आज धक्क्यापर्यंत बर्फ.
पट्टीवरची तिसरी खूण दिसेनाशी झाली.
रंग पाठवा, असं मी पूर्वीही लिहिलं आहे."

खालच्या मजल्यावरून काउरला बोलावलं.
त्यानं मेलचा सांगाडा उघडून दाखवला,
विभाग, सीमारेषा, विभाग.
"हा आधी तक्ता जोडतो, मग खाली लिहितो.
तक्त्याखालचं बोलणं
आपल्या जुन्या वेबमेलला बोलणं वाटलंच नाही.
सामान वाटलं."

आधी काम, मग गप्पा.
एवढंच त्याचं चुकलं.

त्या संध्याकाळी मी मागे मागे जात राहिले.
हजारावर फाइली.
काहींत अक्षरांचा चुथडा:
आमच्या एका ओ-वर बारीक लाट असते,
ती फुटून दोन परकी चिन्हं किनाऱ्याला लागलेली.
काहींत ओळी तुटायच्या विसरून
एकमेकींत अशा घुसलेल्या
की सीलच्या पिल्लाला डोळे उघडून
दक्षिणेचा वारा चौदा सेंटिमीटर.
"उद्या लीडाचं गुडघ्याचं ऑपरेशन."
"लीडा घरी आली. चिडचिड करते, म्हणजे बरी आहे."
या दोहोंमध्ये सहा दिवस,
आणि त्या सहा दिवसांत मी पाठवलेलं एकच वाक्य:
सोमवारचा आकडा पुन्हा तपासा.

एका नोव्हेंबरात नुसतंच,
"हे कोणी वाचतं का?"
त्यावरचं माझं उत्तर सापडलं, दिनांकासह:
फाइल मिळाली. धन्यवाद.

माफी चार वेळा लिहिली, चारही वेळा पुसली.
शेवटी रंगाचा डबा पाठवला बोटीनं.

नवव्या दिवशी सातला मेल आली.
वर कोरं, मग तक्ता, आणि खाली,
आता उघड्यावरच:
"डबा मिळाला. हिरवा आहे.
समुद्रही हिरवाच असतो, बाई.
लाल पाठवा."